पत्रा, कौल की स्लॅब? आधी ऊन घरात कुठून शिरतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकमजली घर बांधायचंय, छत साधारण 100 चौरस मीटर, घराच्या लांब भिंती पूर्व-पश्चिमेला. वर्षातले आठ-नऊ महिने कडक ऊन, पाऊस मोजका पण आला की धो-धो. छतासाठी गडद राखाडी पत्रा, मातीची कौलं की काँक्रीटची स्लॅब आणि वर पांढरा लेप, हे ठरत नाहीये. बाहेरच्या भिंतींवर फायबर सिमेंटचे बोर्ड लावायचे, व्हिनाइलचं क्लॅडिंग लावायचं की नुसता रंग द्यायचा, तेही ठरत नाहीये. आणि पत्रेवाला म्हणतोय, आतून उष्णतारोधक रंग मारला की काम झालं.

काम होत नाही. ते का, ते खाली येईलच. पण आधी प्रश्नाबद्दल. तुम्ही विचारताय "कोणतं मटेरियल चांगलं", आणि खरा प्रश्न आहे "उन्हाची उष्णता माझ्या छतापासून माझ्या डोक्यापर्यंत पोचताना वाटेत तिला कोण कोण अडवणार". एकच पत्रा एका घरात भट्टी करतो आणि दुसऱ्या घरात त्याच्याखाली दुपारी झोप लागते. फरक पत्र्यात नसतो, त्याच्या रंगात आणि त्याच्या खालच्या वीतभर जागेत काय भरलंय त्यात असतो.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. रात्री हवा चांगली गार होते की दमट उकाडा पहाटेपर्यंत टिकतो? घर दिवसा वापरात असतं की मुख्यतः संध्याकाळनंतर? एसी लावणार आहात का? पुढे वर मजला चढवायचा विचार आहे का? यांच्या उत्तरांनी निवड बदलू शकते, म्हणून जिथे बदलते तिथे तसं सांगत जातो.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय हा विषय नुसता मतामतांचा गलबला होतो. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे 1000 वॉट ऊन पडतं. तुमच्या 100 चौरस मीटरवर झाले 100 किलोवॉट. दीड टनाचा एसी साधारण 5 किलोवॉट उष्णता खोलीबाहेर काढतो, त्यावरून अंदाज घ्या. अर्थात हे सगळं आत येत नाही. बरंचसं वाऱ्याने आणि आकाशाकडे परत फेकलं जाऊन निघून जातं. पण छताने मुळात किती शोषलं, यावर पुढचं सगळं ठरतं. गडद छत पडलेल्या उन्हातलं 85 ते 90 टक्के शोषतं, ताजा पांढरा लेप सुमारे 20 टक्के. म्हणजे नुसत्या रंगाने चौपटीचा फरक. दुपारी गडद छताचा पृष्ठभाग 65 ते 80 अंशांपर्यंत जातो आणि त्याच वेळी शेजारचं पांढरं छत त्यापेक्षा 25-30 अंशांनी गार असतं.

भिंतींचं गणित वेगळं. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीला ऊन चाटून जातं. पश्चिमेची भिंत मात्र तीन वाजल्यानंतर समोरासमोर सापडते. सूर्य खाली उतरलेला, किरण जवळपास काटकोनात, आणि चौरस मीटरला 600-700 वॉट. तेही हवा सगळ्यात तापलेली असताना. पूर्वेच्या भिंतीला सकाळी तेवढंच ऊन मिळतं, पण तेव्हा हवा आणि घर दोन्ही गार असतात, म्हणून ते खुपत नाही. तुमच्या नकाशात लांब भिंतीच पूर्व-पश्चिमेला आहेत. नकाशा अजून कागदावरच असेल आणि प्लॉट परवानगी देत असेल, तर घर 90 अंशांत फिरवा. फिरवायला काही खर्च नाही, आणि नंतर पश्चिमेच्या भिंतीवर लावाल त्या कुठल्याही क्लॅडिंगपेक्षा फायदा मोठा.

रंगाबद्दल बोलताना एक गोष्ट हमखास सुटते. छत किती ऊन परतवतं हा अर्धा भाग. तापल्यावर ती उष्णता किती सहज बाहेर टाकतं हा दुसरा अर्धा. नवाकोरा, चकाकणारा, बिनरंगाचा गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला) पत्रा 60-70 टक्के ऊन परतवतो, म्हणून तो गार राहील असं वाटतं. पण चकाकत्या धातूला उष्णता बाहेर टाकता येत नाही; रंगवलेला पृष्ठभाग जितकी टाकतो त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. या दोन्ही गुणांचा मिळून एक आकडा असतो, त्याला एसआरआय म्हणतात. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला 0 आणि ठरावीक पांढऱ्याला 100, असं त्याचं माप. पत्रा असो वा लेप, विकणाऱ्याकडे हा आकडा मागा, आणि नव्याचा नको, तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या नमुन्याचा मागा. धूळ आणि शेवाळ चढल्यावर 0.80 परावर्तनाचा, म्हणजे 80 टक्के ऊन परतवणारा लेप 0.60 च्या आसपास येतो. नव्या मालाचा आकडा फक्त माहितीपत्रकाच्या कामाचा.

राखाडीच हवा असेल तर एक मधला मार्ग आहे. उन्हातली जवळपास अर्धी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. काही खास रंगद्रव्यं दिसायला गडद असतात, पण हे किरण परतवतात. अशा गडद पत्र्याचं परावर्तन 0.25 ते 0.35 असतं, साध्या गडद पत्र्याचं 0.10 च्या आसपास. सुधारणा आहे, पण पांढऱ्याच्या किंवा फिक्या बदामी रंगाच्या जवळपासही नाही. गडद राखाडी छत फोटोत छान दिसतं हे मान्य. पण एकमजली घराचं छत रस्त्यावरून किती दिसणार आहे, तेही एकदा उभं राहून बघा.

आता पत्रेवाल्याचा उष्णतारोधक रंग. यात सिरॅमिकचे सूक्ष्म पोकळ गोळे असतात आणि ते उष्णता अडवतात, असं सांगितलं जातं. हिशेब करून बघा. रंगाच्या थराची जाडी फार तर 0.4 मिलिमीटर. तो थर अगदी चांगल्या इन्सुलेशनच्या तोडीचा आहे असं धरलं, म्हणजे वाहकता 0.05 धरली, तरी त्याचा रोध 0.0004 भागिले 0.05, म्हणजे 0.008. तेच 50 मिलिमीटर रॉकवूलचा (दगडाच्या धाग्यांच्या गादीचा) रोध 1.3 च्या घरात जातो. दीडशे पटींहून जास्त फरक आहे. हाच रंग पत्र्याच्या बाहेरून, पांढऱ्या छटेत लावला तर उपयोग होतो, पण तो गोळ्यांमुळे नाही, पांढरेपणामुळे. आतून लावाल तर खोली उजळ दिसेल, बास.

पत्र्याकडे वळू, कारण तुमचा कल तिकडे दिसतोय. नुसता पत्रा आणि खाली काहीच नाही, असं राहत्या घरात करूच नका. वरून खाली थर असे यावेत: फिक्या रंगाचा पत्रा, त्याखाली 25 ते 40 मिलिमीटर मोकळी हवा, मग चकाकती बाजू वर हवेकडे किंवा खाली दुसऱ्या पोकळीकडे असलेलं ॲल्युमिनियमचं फॉइल, मग 75 ते 100 मिलिमीटर रॉकवूल, आणि शेवटी तुमचं सीलिंग. फॉइलबद्दल नीट लक्षात घ्या. ते काम करतं ते समोर पोकळी असेल तरच. पोकळी न ठेवता, पत्रा आणि रॉकवूलच्या किंवा रॉकवूल आणि बोर्डच्या मध्ये दाबून बसवलेलं फॉइल म्हणजे नुसता एक धातूचा कागद. उष्णता स्पर्शाने आरपार जाते. आणि चकाकती बाजू वर असेल तर काही वर्षांत तिच्यावर धूळ बसते आणि गुण जातो. म्हणून जमेल तिथे फॉइल पोकळीच्या वरच्या अंगाला, तोंड खाली करून लावा. धूळ बसायला जागाच राहत नाही.

त्या पोकळीत हवा खेळली पाहिजे. वळचणीला खालून आत येणारी हवा आणि आढ्यावर बाहेर जाणारी हवा, दोन्हीकडे मोकळी जागा हवी. माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या 150 व्या भागाइतकी एकूण मोकळी जागा, निम्मी खाली आणि निम्मी वर, हे जुनं आणि कामाचं माप आहे. तुमच्या घराला म्हणजे 0.67 चौरस मीटर. जाळी लावली तर तिच्या तारांनी जागा खाल्ली जाते, तेवढी वाढवून घ्या. पण वायुवीजनाकडून चमत्काराची अपेक्षा नको. तापलेल्या पत्र्याकडून सीलिंगकडे येणारी उष्णता मुख्यतः किरणांनी येते आणि ती वाऱ्याने उडून जात नाही. तिला फॉइल आणि रॉकवूलच थोपवतात.

पत्रा निवडताना जाडी निदान 0.50 मिलिमीटर घ्या. 0.35 चा पत्रा स्वस्त वाटतो, पण दुरुस्तीला माणूस वर चढला की चेंबतो. मग त्या खळग्यात पाणी साठतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. लेप 55 टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं मुख्यतः जस्त, असा गॅल्व्हल्यूमचा, चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 150 ग्रॅम. त्याला एझेड 150 म्हणतात. वरचा रंग कडक उन्हात साधा पॉलिएस्टर असेल तर काही वर्षांत खडूसारखा हाताला लागायला लागतो. पीव्हीडीएफचा (फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा) महाग पडतो, पण फिका पडत नाही. फिक्या छटेत हा फरक डोळ्यांना कमी जाणवतो, तेव्हा पांढरा घेणार असाल तर सिलिकॉनमिश्रित पॉलिएस्टरवर भागवता येईल. वाचलेले पैसे रॉकवूलमध्ये घाला.

पत्र्याची छतं गळतात ती बहुतेक वेळा स्क्रूपाशी, आणि कारण पाऊस नसतं, ऊन असतं. पहाटे 15 अंशांवर असलेला पत्रा दुपारी 65 वर गेला, तर 6 मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा साडेतीन मिलिमीटर वाढतो आणि ॲल्युमिनियमचा सात मिलिमीटर. हे रोज होतं. स्क्रू जागेवर ठाम आणि पत्रा मागेपुढे सरकतोय, त्यामुळे भोक लांबट होत जातं. त्यात स्क्रू जास्त आवळलेला असेल तर खालचा रबरी वॉशर चेपून कडेने फाटलेला असतो. कमी आवळला तर वॉशर बसतच नाही. बरोबर आवळलेला स्क्रू ओळखायचा असा: वॉशरची कड धातूच्या टोपीबाहेर जेमतेम, चहूबाजूंनी सारखी डोकावते. एका बाजूला जास्त दिसली तर स्क्रू तिरका गेलाय. तो काढून, त्याच भोकात जाड स्क्रू घालायचा. वॉशर ईपीडीएम रबराचाच घ्या, साधं रबर अशा उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतं. लांब पत्रे असतील तर ॲल्युमिनियम टाळा, किंवा उभ्या शिवणीचा पत्रा घ्या, ज्यात क्लिप पत्र्याला सरकू देते आणि वरून भोकच पडत नाही.

काम चालू असताना आणखी तीन गोष्टींकडे डोळे ठेवा. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर चिकटून महिन्याभरात तपकिरी ठिपके पडतात. कातरीने किंवा निबलरने कापायचा. ड्रिलचा भुगा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडायचा. आणि पत्रा भिंतीला मिळतो तिथे गवंडी सवयीने ओला माल थापतो, तो थांबवायचा. ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप खातो. तिथे वाकवलेली पट्टी आणि सीलंट हवं. तांब्याच्या पाइपवरून ठिबकणारं पाणीही पत्र्यावर पडू देऊ नका, तेवढ्याने पत्र्याला भोक पडतं.

उतार निदान 10 अंश ठेवा. धो-धो पाऊस म्हणता, तर आडव्या जोडावर 150 ते 200 मिलिमीटर पत्र्यावर पत्रा चढवा. जमल्यास आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग एकच पत्रा मागवा, म्हणजे तो जोडच राहणार नाही. आणि एक विसरलं जाणारं प्रकरण: निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो, आणि पहाटे आतल्या बाजूला दव धरतं. गळतीची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच घरांत छत गळतच नसतं, हे दव ठिबकत असतं. पोकळी हवेशीर असेल तर ते दुपारपर्यंत वाळून जातं. रॉकवूल पत्र्याला घट्ट चिकटवलेलं असेल तर ते भिजतं, आणि भिजलेलं रॉकवूल काही अडवत नाही.

कौलांबद्दल लोक म्हणतात की माती गार असते. मातीपेक्षा श्रेय मधल्या फटींना आहे. कौल रिपेवर टेकतं, खाली पोकळी राहते, कौलाकौलांमधून हवा झिरपते, त्यामुळे तापलेली हवा साठून राहत नाही. हे लक्षात न घेता वळचणीच्या फटी आणि आढं दोन्ही सिमेंटने लिंपून टाकलं की कौलारू छतही पत्र्यासारखं तापतं. पाखरं-गांधीलमाश्यांसाठी जाळी लावा, लिंपू नका. वाशांवर आधी उभी पट्टी आणि मग आडवी रीप, अशी रचना केली तर कौलाखाली 25-40 मिलिमीटरची सलग हवावाट मिळते, आणि झडीचं जे पाणी आत येतं तेही कौलांखाली अंथरलेल्या पाणीरोधक शीटवरून सरळ पागोळीला जातं. तांबड्या कौलाचं परावर्तन 0.3 च्या आसपास. फिकं कौल मिळालं तर उत्तम.

कौलांची अडचण वजनाची आणि उताराची. खाली शीट न घालता निदान 25 ते 30 अंश उतार हवा. 30 अंशांना तुमच्या 100 चौरस मीटर घराचं छत 115 चौरस मीटर होतं. चौरस मीटरला 50 किलो धरले तरी पावणेसहा टन. तेच पत्र्याचं सहाशे किलोच्या आत. ट्रस आणि पाया त्या वजनाचा करायचा असेल तरच कौलं घ्या. आणि घ्याल तेव्हा शंभरात पाच जास्तीची घेऊन ठेवा, त्याच साच्याचं कौल दहा वर्षांनी मिळेलच असं नाही.

स्लॅबचा स्वभाव वेगळा. ती उष्णता अडवत नाही, साठवते. 150 मिलिमीटरच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात. म्हणून दुपारी दोनला खोली बरी वाटते आणि रात्री नऊला सीलिंगला हात लावला तर कोमट लागतं, पंखा गरम वारा फेकतो. दिवसा वापरायच्या जागेला हे चालतं, झोपायच्या खोलीला नाही. रात्री हवा खरंच गार होत असेल, खिडक्या उघड्या ठेवता येत असतील, तर जड बांधकामाचा फायदा मिळतो. दमट, रात्रीही न निवणाऱ्या हवेत तेच बांधकाम अंगावर येतं. तिथे हलकं, इन्सुलेशन असलेलं आणि वारा खेळता राहील असं छत बरं.

स्लॅबच घेणार असाल तर इन्सुलेशन वरून घाला, आतून नाही. आतून फॉल्स सीलिंग करून रॉकवूल भरलं तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब रोज तापत-निवत राहते, आणि त्या आकुंचन-प्रसरणाने वॉटरप्रूफिंगला भेगा जातात. फक्त दिवसाचे काही तास एसी लावून वापरायची खोली असेल तर आतून केलेलं परवडतं, कारण ती लवकर गार होते. वरचा क्रम असा: ज्याने पाणी वाहून जाईल असा 100 ला 1 उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग पन्हळ बंद करून 72 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून बघायचं. ओल दिसली नाही तरच पुढे. मग 50 मिलिमीटर एक्सपीएसच्या (पाणी न पिणाऱ्या कठीण फोमच्या) शीट, त्यांच्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), आणि 50 मिलिमीटरचा कोबा, त्यात दर दीड-दोन मीटरवर सांधे कापलेले. नेहमीचा पांढरा थर्माकोल इथे नको, तो हळूहळू पाणी पितो. नुसत्या स्लॅबचं यू मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) 3 च्या वर असतं, या 50 मिलिमीटरने ते 0.5 च्या आसपास येतं, म्हणजे येणारी उष्णता सहाव्या हिश्शावर. कोब्याचं वजन चौरस मीटरला 110-120 किलो वाढतं, ते डिझाइन करणाऱ्याला आधी सांगा.

इन्सुलेशनचं बजेट नसेल तर पांढरा लेप एकटाही पुष्कळ काम करतो, मात्र जाडीने लावला तर. वाळल्यावर 500 मायक्रॉन थर हवा. डब्यातल्या मालात घन भाग आकारमानाने निम्मा असेल, तर चौरस मीटरला बरोबर एक लिटर लागतो. तुमच्या छताला 100 लिटर. 40 लिटरमध्ये काम उरकणारा रंगारी 200 मायक्रॉन देतोय, आणि ते दोन उन्हाळ्यांत पापुद्र्यांसारखं सुटतं. आधी छत पाण्याच्या दाबाने धुवा, भेगा भरा, प्रायमर मारा, मग दोन हात एकमेकांना आडवे-उभे. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं. तापल्या स्लॅबवर लेपाची वरची साय लगेच वाळते, आतलं पाणी अडकतं आणि फोड येतात. पाणी साचणाऱ्या खळग्यात ॲक्रिलिक लेप टिकत नाही, तेवढा भाग आधी भरून घ्या. आणि वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्याआधी, छत घासून धुवा.

जुनं ॲसबेस्टॉसचं छत काढून हे करणारे बरेच जण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एवढंच: ते कापू नका, त्यात ड्रिल घालू नका, कोरडं घासू नका. त्याच्या धाग्यांनी फुप्फुसाचे कर्करोग होतात. ओलं करून, अख्खं, जाणकारांकडून उतरवून घ्या.

भिंतींवर मी छताइतका वेळ घालवणार नाही, कारण पैसेही तितके घालायचे नाहीत. क्रम असा ठेवा: आधी सावली, मग रंग, आणि मगच क्लॅडिंग. दुपारच्या उंच सूर्याला आडवा छज्जा पुरतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर तो दक्षिणेच्या खिडक्यांवर. पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही, सूर्य त्याच्या खालून आत बघतो. तिथे उभे फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी, झाड, किंवा व्हरांडा. 230 मिलिमीटरची विटांची पश्चिम भिंत चारला तापायला लागते आणि तिची धग आत रात्री दहा-अकराला पोचते. ती खोली झोपायची नसू द्या. जिना, कोठी, न्हाणीघर तिकडे सरकवता आलं तर निम्मं काम झालं.

तीन बाजूंच्या भिंतींना गिलावा आणि फिका, उन्हात टिकणारा बाहेरचा रंग पुरे. क्लॅडिंग घ्यायचंच तर पश्चिमेच्या भिंतीला घ्या, आणि तिथे ते सजावट म्हणून नाही, छत्री म्हणून लावा. म्हणजे भिंतीपासून 25 मिलिमीटर सुटं, उभ्या पट्ट्यांवर, खाली आणि वर उघडं. बोर्ड तापतो, मागची हवा तापून वर निघून जाते, भिंत सावलीत राहते. पट्ट्या आडव्या लावल्या की ही वाट बंद होते, आणि ही चूक फार होते.

त्यासाठी फायबर सिमेंटचा 8 ते 10 मिलिमीटरचा बोर्ड चांगला: जळत नाही, वाळवी लागत नाही, उन्हात फारसा हलत नाही. कापलेली प्रत्येक कड लावण्याआधी प्रायमरने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं आणि बोर्ड थरांत सुटतो. जमिनीपासून 150 मिलिमीटर वर थांबवा. कापताना सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात बसते; कारागिराला नीट मास्क द्या आणि उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन कापायला लावा.

व्हिनाइल तुमच्या हवेत मी नाही सुचवणार. ते 70 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि गडद रंगाचं असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर ते तापमान फार लांब नसतं. समोरच्या घराच्या लेप दिलेल्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन पडलं तर पट्टी चक्क वितळून लोंबते. शिवाय साडेतीन मीटरची पट्टी 50 अंशांच्या फरकाने सेंटिमीटरभर वाढते. लावायचंच असेल तर फिक्या रंगाचं, खिळा खाचेच्या मध्यभागी आणि डोक्याखाली मिलिमीटरभर ढिला, टोकांना 6 मिलिमीटर जागा सोडून. ठोकून घट्ट केलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी फुगते.

लाकूड सुंदर दिसतं, पण ऊन लाकडातलं लिग्निन (धाग्यांना धरून ठेवणारं द्रव्य) खातं आणि ते करडं पडतं. दर दोन-तीन वर्षांनी तेल किंवा लेप देण्याची तयारी असेल तर घ्या. ॲल्युमिनियमचे काम्पोझिट पॅनल घरासाठी कुणी सुचवले तर आधी गाभा कशाचा आहे ते विचारा. पॉलिएथिलीनचा गाभा म्हणजे भिंतीवर चढवलेलं इंधन. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली, ती अशाच पॅनलांवरून इमारतभर पसरली आणि 72 माणसं गेली.

तर तुमच्या तीन पर्यायांत: वर मजला चढवायचा नसेल आणि रात्रीही उकाडा राहत असेल, तर फिका पत्रा, फॉइल आणि 100 मिलिमीटर रॉकवूल. रात्री निवत असेल किंवा मजला वाढवायचा असेल, तर वरून इन्सुलेशन घातलेली स्लॅब. कौलं तेव्हाच, जेव्हा 30 अंशांचा उतार आणि ते वजन नकाशात आधीपासून धरलंय. गडद राखाडी पत्रा आणि आतला रंग, हे दोन्ही यादीतून काढा.

ठरवण्याआधी आजूबाजूच्या दोन-तीन घरांत स्वतः मोजून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दुपारी तीनला व रात्री नऊला सीलिंगचं माप घ्या. खोलीच्या हवेपेक्षा सीलिंग चार-पाच अंशांनी जास्त असेल तर उष्णता वरून येतेय. पण चकाकत्या पत्र्यावर तो थर्मामीटर सरळ रोखू नका, आकडा 20-30 अंशांनी खोटा कमी येतो. पत्र्यावर मास्किंग टेपचा हातभर तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. घराचं तोंड, रात्रीचं किमान तापमान आणि ही मापं इथे लिहिलीत, तर रॉकवूलची जाडी आणि पोकळीची उंची नेमकी काढून देता येईल.